चौघांच्या खोलीत एकट्याचं ऐकणं: क्लोज्ड-बॅक हेडफोन कसा निवडावा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वाक्ये वाचण्यासाठी थोडी नीट केली आहेत. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय तसा लहान वाटेल. हेडफोन घ्यायचा, त्यावर व्याख्यान कसलं? मोबाइलवर दोन-चार रिव्ह्यू बघायचे आणि मागवायचा. पण हे रिव्ह्यू लिहिणारा माणूस बहुधा स्वतःच्या खोलीत, दार लावून, एकटा बसलेला असतो. आपल्याकडे बहुतेकांचं ऐकणं तसं होत नाही. वन-रूम-किचन असो, वन बीएचके असो किंवा हॉस्टेलमधली तिघांची खोली असो, एकाच छताखाली एकजण गाणं ऐकतो, दुसरा अभ्यास करतो आणि तिसरीची उद्या सकाळची शिफ्ट असते म्हणून ती नऊलाच आडवी झालेली असते. कोपऱ्यात टीव्ही चालू असतो, वर पंखा असतो, आत मिक्सर असतो.

अशा खोलीसाठी हेडफोन निवडताना 'आवाज किती सुंदर' हा पहिला प्रश्न नसतो. तीन गोष्टी पणाला लागलेल्या असतात. एक, शेजारच्याची झोप. दोन, आपले कान, कारण ते एकदा बिघडले की बदलून मिळत नाहीत. आणि तीन, घरातली हाक. या तिन्ही सांभाळून गाणंही नीट ऐकू आलं पाहिजे. म्हणून आज आपण फक्त एकाच जातीच्या हेडफोनबद्दल बोलू: क्लोज्ड-बॅक, म्हणजे पाठ बंद असलेला.

पाठ बंद म्हणजे नेमकं काय?

हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक छोटा पडदा असतो. तो पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. आता गंमत अशी, की पडदा पुढे जाताना कानाकडची हवा दाबतो, तसाच मागे येताना पाठीकडची हवाही दाबतो. म्हणजे आवाज दोन्ही बाजूंना तयार होतो. कानाकडचा आपल्याला हवाच असतो. पाठीकडच्याचं काय करायचं?

ओपन-बॅक हेडफोनमध्ये त्याला जाळीतून बाहेर सोडून देतात. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ नावाचा असा हेडफोन काढला आणि घरी ऐकणाऱ्यांमध्ये हा प्रकार रुळला. त्यात आवाज मोकळा वाटतो, डोक्याभोवती हवा खेळती वाटते. पण जे बाहेर सोडलं ते खोलीत जातं. शेजारी बसलेल्याला तुमचं गाणं स्पष्ट ऐकू येतं, आणि त्याच जाळीतून खोलीतला टीव्ही तुमच्या कानात येतो. चौघांच्या खोलीत हा प्रकार बाद.

क्लोज्ड-बॅकमध्ये पाठीला घट्ट झाकण असतं. पाठीकडचा आवाज वाटीतच कोंडला जातो. कोंडलेला आवाज गप्प बसत नाही. तो भिंतीवर आपटून परत पडद्याकडे येतो. त्याला शोषून घ्यायला आत फोम किंवा नमद्यासारखं कापड बसवावं लागतं, वाटीचा आकार विचारपूर्वक ठरवावा लागतो. जिथे यात हात आखडता घेतलेला असतो, तिथे निवेदकाचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. ही खूण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

खोक्यावर बऱ्याचदा 'स्टुडिओ मॉनिटर' असं लिहिलेलं असतं. त्याचं कारणही या बंद पाठीत आहे. स्टुडिओत गायक माइकसमोर उभा असतो आणि साथीचं ध्वनिमुद्रण हेडफोनमधून ऐकत असतो. ती साथ बाहेर झिरपली तर माइक ती उचलतो आणि टेक वाया जातो. म्हणून तिथे बंद पाठ लागते. गायकाच्या जागी तुम्ही आणि माइकच्या जागी झोपलेली बहीण, एवढाच फरक. त्यामुळे स्टुडिओसाठी बनवलेले बरेच हेडफोन आपल्या खोलीतही कामाला येतात.

दोन दिशांचे दोन प्रश्न

इथे एक गोंधळ नेहमी होतो, तो आधी सोडवू. आवाज बाहेर झिरपणं हा एक प्रश्न आणि बाहेरचा आवाज आत येणं हा दुसरा. लोक दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि मग 'नॉइज कॅन्सलिंग घेतला तरी बायको तक्रार करते' असं म्हणतात.

बाहेर काय झिरपतं? खर्ज फारसा नाही. एवढासा पडदा मोकळ्या खोलीत खालचे स्वर पोचवूच शकत नाही. झिरपतात ते मधले आणि वरचे आवाज, झांजेची चिसचिस, गायकाचे 'स' आणि 'श'. आपले कान नेमके याच पट्ट्यात, साधारण २००० ते ५००० हर्ट्झमध्ये, सगळ्यात तीक्ष्ण असतात. म्हणून रात्री सगळं शांत झाल्यावर तेवढी चिसचिससुद्धा त्रास देते. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेसाठी आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण ती परिसरासाठी आहे. एकाच खोलीत, शेजारच्या गादीवर झोपलेल्या माणसासाठी कुठलाही नियम नाही. तो आपणच पाळायचा.

आत काय येतं? इथे लांबीचा हिशोब कामाला येतो. ध्वनी हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते, ५००० हर्ट्झच्या तीक्ष्ण आवाजाची लहर जेमतेम ७ सेंटीमीटर. बोटभर जाडीची गादी आणि प्लास्टिकची वाटी ७ सेंटीमीटरच्या लहरीला चांगलं अडवते. ७ मीटरच्या लहरीपुढे तिचं काही चालत नाही. म्हणून साधा क्लोज्ड-बॅक लावला की मिक्सरची किंचाळी, भांड्यांचा खणखणाट, टीव्हीतल्या बोलण्याचा वरचा भाग कमी होतो. पंख्याची घरघर, कूलरचा घुमारा, खालून जाणाऱ्या ट्रकचा धडधडाट मात्र बराचसा तसाच राहतो.

कंपन्या 'अमुक डेसिबलपर्यंत आवाज अडवतो' असं लिहितात. 'पर्यंत' हा शब्द वाचा. तो आकडा सहसा ज्या पट्ट्यात सगळ्यात जास्त अडतो तिथला असतो, खर्जाचा नसतो.

नॉइज कॅन्सलिंग याच्या बरोबर उलटं काम करतं. बाहेरचा माइक आवाज ऐकतो, यंत्र त्याची उलटी लहर तयार करतं आणि दोन्ही एकमेकांना खातात. हे सलग आणि खालच्या आवाजावर छान चालतं, म्हणजे पंखा, एसी, बसचं इंजिन. अचानक वाजणाऱ्या कुकरच्या शिट्टीवर किंवा माणसांच्या बोलण्यावर तितकं चालत नाही. थोडक्यात, बंद वाटी वरचं अडवते, नॉइज कॅन्सलिंग खालचं पुसतं. दोन्ही एकत्र असतील तर आतली शांतता चांगली मिळते. पण आवाज बाहेर झिरपण्यावर नॉइज कॅन्सलिंगचा थेट परिणाम शून्य. उपयोग होतो तो आडवाटेने: आत शांत झालं की आपण आवाज कमी ठेवतो, म्हणून बाहेरही कमी जातो.

मग ठरवायचं कसं? आपली तक्रार 'मला टीव्ही आणि स्वयंपाकघर ऐकू येतं' अशी असेल तर चांगला साधा क्लोज्ड-बॅक पुरेल. 'पंखा आणि रस्ता' अशी असेल तर नॉइज कॅन्सलिंगचा विचार करा. आणि तक्रार फक्त 'घरच्यांना माझं गाणं ऐकू जातं' अशी असेल, तर त्या सोयीसाठी जादा पैसे घालू नका.

गादी हाच निम्मा हेडफोन

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं तिच्याकडे वळू. ती म्हणजे कानाभोवतीची गादी.

हेडफोनमधला खर्ज कसा तयार होतो? पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची एक छोटी बंद कुपी असते. पडदा हलला की त्या कुपीतला दाब कमी-जास्त होतो. सायकलच्या पंपासारखंच आहे हे. पंपाला बारीकसं भोक असेल आणि तुम्ही सावकाश दाबलं, तर हवा भोकातून निघून जाते आणि दाब तयारच होत नाही. खर्ज म्हणजे सावकाश हलणारा पडदा. गादी आणि गाल यांच्यामध्ये फट राहिली की आधी खर्ज जातो. त्याच फटीतून टीव्ही आत येतो आणि गाणं बाहेर जातं. एक फट, तीन नुकसानं.

फट कशामुळे राहते? चष्म्याच्या जाड काड्या हे पहिलं कारण. केसांची जाड बट किंवा वेणी कानाजवळून जात असेल तर दुसरं. वाटी कानापेक्षा लहान असणं तिसरं. म्हणून कानावर टेकणारे छोटे हेडफोन सोडा आणि पूर्ण कान आत बसेल अशी वाटी घ्या. चष्मा लावत असाल तर चष्मा लावूनच हेडफोन तपासा. घरात वावरतानाचा चष्मा बारीक काडीचा असेल तर उत्तमच.

गादीचं कापडही महत्त्वाचं. रेक्झिनसारखी गादी कानाशी नीट चिकटते, आवाज अडवते, खर्ज टिकवते. पण मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत कान अर्ध्या तासात घामेजतात. मखमलीची गादी हवेशीर असते, पण तिच्यातून आवाज दोन्हीकडे थोडा जास्त जातो. शांतता महत्त्वाची की घाम, हे आपलं आपण ठरवायचं. आमचा साधारण कल असा: रात्री ऐकत असाल तर रेक्झिन, दुपारी तास-दोन तास काम करत ऐकत असाल तर मखमल.

एक गोष्ट मात्र पक्की. रेक्झिनच्या गाद्यांवरचा पॉलियुरेथेनचा थर घाम आणि दमटपणा यांनी सुटतो. दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे काळे पापुद्रे गालाला लागायला लागतात. हा हेडफोनचा शेवट नव्हे, गादीचा आहे. म्हणून घेण्याआधीच बघा: या मॉडेलची गादी सुटी मिळते का? हाताने काढता-घालता येते का? वायर सुटी आहे का? चौघांच्या खोलीत वायरीवर कुणाचा तरी पाय पडणारच. वायर निघणारी असेल तर दुसरी आणून लावता येते. नाहीतर सोल्डरिंग करणारा शोधावा लागतो.

वजनही बघा. २५०-३०० ग्रॅमच्या आत असेल तर बरं. आणि दाब: पकड अगदी सैल असेल तर फट राहते, फार घट्ट असेल तर तासाभरात कानशिलं दुखतात. नवा हेडफोन घट्ट वाटला तर रात्रभर खोक्यावर किंवा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवा, थोडा सैलावतो.

आवाजाची जात

बंद वाटीचा स्वभाव खर्ज फुगवण्याकडे असतो. बाजारही तेच विकतो. पण एक बारीक गोष्ट आहे. आपण हळू आवाजात ऐकतो तेव्हा कानाला खालचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून रात्री हळू ऐकणाऱ्याला थोडा भरलेला खर्ज उपकारकच असतो. थोडा म्हणजे थोडा. तबल्यातला बाया गायकाच्या अंगावर येऊ लागला तर तो जास्त झाला.

तपासायला परदेशी टेस्ट ट्रॅक शोधू नका. जे गाणं तुम्हाला पाठ आहे तेच लावा. चार गोष्टी ऐका. तानपुऱ्याची जवारी: तारेभोवतीचं ते झिणझिणणारं वलय वेगळं ऐकू येतं का, की नुसता गुंजारव? बायाची घिस: स्वर खालून वर सरकताना सगळीकडे सारखा राहतो का, की मध्येच एका जागी फुगतो? फुगत असेल तर वाटी तिथे घुमते आहे. टाळ-चिपळ्या: प्रत्येक ठोका सुटा येतो की नुसती खसखस? आणि शेवटी साधं बोलणं, म्हणजे बातम्या किंवा असंच एखादं व्याख्यान. मघाची माठाची खूण इथे कळते. 'स' टोचत असेल तर तोही दोष याच वेळी पकडा, कारण तोच 'स' बाहेर झिरपून शेजारच्यालाही टोचणार आहे.

किमतीबद्दल एक मोलाची गोष्ट. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मापं तपासली. प्रत्येक हेडफोन खालचे, मधले, वरचे स्वर कोणत्या प्रमाणात देतो आणि त्याची किंमत काय, यांचा काही संबंध लागतो का हे पाहिलं. संबंध लागला नाही. याचा अर्थ सगळे हेडफोन सारखेच असा नाही. जास्त पैशात बांधणी, आराम, सुटे भाग, बिनतारी सोयी मिळू शकतात. पण 'महाग म्हणजे सुरेल' हे समीकरण सोडून द्या.

ओहमची भीती

खोक्यावर ३२ ओहम, ८० ओहम, २५० ओहम असं लिहिलेलं असतं आणि लोक घाबरतात. गणित सोपं आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा जुना आणि नावाजलेला क्लोज्ड-बॅक या तिन्ही प्रकारांत निघाला. एक मिलिवॉट शक्ती दिली की तो साधारण ९६ डेसिबल आवाज देतो. तेवढी शक्ती पोचवायला ३२ ओहमच्या प्रकाराला सुमारे ०.१८ व्होल्ट लागतात आणि २५० ओहमच्या प्रकाराला ०.५ व्होल्ट. म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. त्याच फोनवर, त्याच खुणेवर २५० ओहमचा हेडफोन सुमारे ९ डेसिबल हळू वाजतो.

फोनच्या टाइप-सी पोर्टला लावायचा छोटा अडॅप्टर एक व्होल्टच्या आसपास देत असेल, तर त्याच्यावर २५० ओहमवाला गाण्याच्या शिखरावर १०२ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. घरच्या ऐकण्याला ते पुरतं. पण अडॅप्टर याच्या निम्मे व्होल्ट देत असेल आणि मुद्रण जुनं, मुळातच हळू असेल, तर बटण शेवटपर्यंत नेऊनही समाधान होणार नाही. म्हणून सरळ सल्ला: फोन किंवा लॅपटॉपवर ऐकणार असाल तर ३२ ते ८० ओहमच्या मध्ये राहा. ॲम्प्लिफायरच्या फंदात पडायची गरज नाही.

बिनतारी घ्यायचा का? खोलीत वायर कुणाच्या पायात येत नाही, हा मोठाच फायदा. पण ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो, कधी सेकंदाचा पाचवा भागसुद्धा. नुसतं गाणं ऐकताना फरक पडत नाही. सिनेमाची ॲप्स बऱ्याचदा चित्र मागे ठेवून जुळवून घेतात. पण इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड किंवा पॅडवर रियाज करत असाल तर बोट आता आणि स्वर मग, असं होतं. तिथे वायरच हवी. बिनतारी घ्यायचाच असेल तर वायर लावूनही चालणारा घ्या. बॅटरी म्हातारी झाली तरी तो टिकतो.

काही ओळखीची नावं

जाहिरात करायची नाही, पण नमुने माहीत असलेले बरे. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओंत आहे. ६३ ओहम, वजन सुमारे २३० ग्रॅम, हलका. बोलणं आणि बारकावे स्पष्ट, वरचे स्वर जरा उजळ. वायर स्प्रिंगसारखी आणि न निघणारी. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स: ३८ ओहम, २८५ ग्रॅम, वायर निघते, खर्ज थोडा भरलेला. सेनहायझरचा एचडी २८० प्रो: ६४ ओहम, बाहेरचं अडवण्यात चांगला, पकड घट्ट. आणि मघाचा डीटी ७७० प्रो: मोठी वाटी, ८० आणि २५० ओहमला मखमलीची गादी, सुटे भाग सहज बदलता येतात, पण वरचे स्वर काहींना टोचतात. यातला 'सर्वोत्तम' कुठला, या प्रश्नाला अर्थ नाही. तुमचं डोकं, तुमचा चष्मा, तुमची खोली यांवर उत्तर बदलतं.

कानाचा हिशोब

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोंगाटाच्या खोलीत माणूस काय करतो? टीव्हीच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवतो. दुसऱ्याने टीव्ही वाढवला की हा आणखी वाढवतो. खोलीतलं भांडण शेवटी कानाच्या आत जाऊन पोचतं.

जागतिक आरोग्य संघटनेची सूचना अशी आहे: मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, लहान मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास. आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला फक्त ५. बटण दोन-तीन घरं वर नेलं की आठवड्याचा कोटा असा झपाट्याने संपतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

आवाज मोजायचं यंत्र नसेल तर एक सोपी युक्ती. रात्री सगळं शांत असताना, आरामात ऐकू येईल इतका आवाज ठेवा आणि फोनवर ती खूण बघून ठेवा. तीच तुमची घरची रेषा. दिवसा तेच गाणं ऐकताना ती रेषा वारंवार ओलांडावी लागत असेल, तर हेडफोन बाहेरचं पुरेसं अडवत नाही. उपाय गादी, फट, नॉइज कॅन्सलिंग किंवा जागा बदलणं यांत आहे, बटणात नाही. ऐकून झाल्यावर कानात कुंई वाजत असेल किंवा बोलणं दबलेलं वाटत असेल, तर रेषा ओलांडली गेली आहे असं समजा. असं वारंवार होत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्या.

घरातली हाक

क्लोज्ड-बॅक नीट बसला की हाक ऐकू येत नाही. हा दोष नाही, हेच तर विकत घेतलं आहे. पण दुधावर लक्ष ठेवायला कोण आहे? आजीला उठायला हात लागतो तेव्हा ती कुणाला हाक मारते? बाळ झोळीत आहे का? जो घरात एकटाच जबाबदार आहे त्याने त्या वेळी दोन्ही कान बंद करू नयेत. एक वाटी कानामागे सरकवा किंवा बाहेरचं ऐकवणारी सोय असेल तर ती चालू ठेवा.

आणि बाकीच्या वेळी घरात बोलून ठरवा. 'मी नऊ ते दहा ऐकणार आहे. काही लागलं तर खांद्याला हात लावा, लांबून ओरडू नका.' एवढं सांगितलं की निम्मी भांडणं मिटतात. नाहीतर 'तीन हाका मारल्या, ऐकूच येत नाही याला' हे रोजचं.

आणखी एक. घरात हेडफोन लावून तासभर सगळ्यांपासून सुटी घेण्याचा हक्क कुणाला मिळतो, हेही बघा. स्वयंपाकघरातल्या माणसाला तो बहुधा मिळत नाही, कारण सगळ्या हाका तिकडेच जातात. हेडफोन एकच असेल तर त्याची पाळी लावा, आणि त्या तासाला हाकांना उत्तर देण्याची पाळीही लावा.

घरी आणल्यावर

परत करण्याची मुदत बघूनच मागवा आणि त्या मुदतीत चार परीक्षा घ्या. पहिली, चष्म्यासकट तासभर घालून बसा. दुसरी, गाणं चालू असताना दोन्ही वाट्या हलकेच कानावर दाबा. खर्ज एकदम वाढला तर एरवी फट राहते आहे. तिसरी, रात्री तुमच्या घरच्या रेषेवर गाणं लावून हेडफोन डोक्यावर असू द्या आणि घरच्या माणसाला नेहमीच्या झोपायच्या जागी पडून ऐकायला सांगा. हेडफोन टेबलावर काढून ठेवून तपासू नका. तेव्हा तो नेहमीच जास्त झिरपतो. चौथी, मिक्सर आणि टीव्ही चालू असताना बोलणं ऐका. चारही जमल्या तर ठेवा. झिरपण्याची परीक्षा हुकली तर आवाज कितीही गोड असो, परत करा.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, इअरफोन तर आणखी कमी झिरपतात. मग हेडफोन कशाला?

बरोबर आहे. कानात घट्ट बसणारा इअरफोन झिरपण्यात सगळ्यात कमी आणि बाहेरचं अडवण्यातही चांगला. कुशीवर झोपून ऐकणाऱ्यांना तोच सोयीचा. पण रोज दोन-तीन तास ऐकायचं असेल तर कानाच्या नळीत दाब येतो, मळ आत ढकलला जातो, खाज सुटते. कान वाहत असेल तर तो टाळाच. बसून ऐकायला हेडफोन, पडून ऐकायला इअरफोन, असा भेद करा.

प्रश्न: माझी मुलगी गाणं शिकते. तानपुरा ॲप हेडफोनवर लावून रियाज केला तर चालेल का?

दोन्ही वाट्या बंद असतील तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सूर नीट कळत नाही. एक वाटी पूर्ण, दुसरी कानामागे, असं करून गाऊ द्या. तानपुरा हळू ठेवा. ब्लूटूथ चालेल, कारण तानपुरा सलग असतो. तालाबरोबर गायचं असेल तरी चालेल, कारण ती ठेक्यामागून गाते. पण तीच जर कीबोर्ड वाजवत असेल तर वायर घ्या.

प्रश्न: माझ्याकडे आधीचा ओपन-बॅक आहे. त्याची जाळी टेपने बंद केली तर?

करू नका. त्याचा पडदा आणि आतली रचना मोकळ्या पाठीसाठी जुळवलेली असते. पाठ बंद केली की आवाजाचा तोल जातो, आणि झिरपणं तरी पूर्ण थांबत नाही. घरात कुणी नसेल त्या दुपारसाठी तो ठेवा. रात्रीसाठी बंद पाठीचा घ्या.

प्रश्न: एकच वाक्य सांगा, काय बघू?

आधी गादी बघा, मग कान, मग घरची माणसं. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी.